बारा वर्षांची बिलं आणि बाबांचा पंखा

पत्र असं आहे:

"ताई, गेल्या बारा वर्षांची विजेची आणि पाइप गॅसची सगळी बिलं माझ्याकडे फाईलला लावलेली आहेत. ही सवय वडिलांनी लावली, ते आयुष्यभर हिशेबनीस होते. मागच्या महिन्यात सगळ्या बिलांची बेरीज केली आणि धक्काच बसला. विजेचं वर्षाचं बिल तेव्हाच्या २.८ पट झालंय आणि गॅसचं १.७ पट. माझा पगार या काळात अडीच पट झाला. तेव्हा वर्षाला २,१६० युनिट पडायचे, गेल्या वर्षी २,५२० पडले. गॅस तेव्हा २४० घनमीटर लागला होता, आता १९० लागतो. तेव्हा आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी एवढेच होतो. आता मुलगी सतराची आहे, मुलगा आठ वर्षांचा आहे आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबाही आमच्याकडे राहायला आले आहेत. रोज पेटणारे चार पिवळे बल्ब काढून एलईडी लावले. तीन वर्षांपूर्वी इंडक्शन शेगडी घेतली, निम्मं शिजवणं आता तिच्यावरच होतं. तरी बिल चढतंच आहे. मी रोज कुणावर तरी ओरडतो, दिवा कुणी चालू ठेवला, गिझर कुणी बंद केला नाही, असं. मुलगी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. परवा दुपारी लवकर घरी आलो, तर बाबा पंखा बंद करून बसले होते, सदरा घामाने भिजला होता. म्हणाले, 'मला नाही उकडत.' आम्ही महिनाभर परगावी होतो, घर बंद होतं, तरी बिल आलंच. मीटरच जास्त पळतो का? नक्की कुठे चुकतंय ते सांगा."

दादा, सगळ्यात आधी वाचलं ते बाबांचं वाक्य. त्याकडे मी नक्की येणार आहे, पण आधी हिशेब मांडते, कारण बाबांना पटेल असं काही सांगायचं तर ते हिशेबातूनच सांगावं लागेल.

तुम्ही बिलाची रक्कम आधी पाहिली आणि युनिट नंतर, असं पत्रावरून दिसतं. सगळेच असं करतात, कारण रक्कम ठळक छापलेली असते आणि युनिट बारीक अक्षरात कोपऱ्यात असतात. पण रकमेत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. तुम्ही किती वापरलं, एका युनिटला दर किती लागला, आणि वापर असो वा नसो द्यावाच लागणारा स्थिर आकार. यांतली पहिलीच गोष्ट घरच्यांच्या हातात असते. बाकीच्या दोन्हींसाठी मुलीवर ओरडून काही होत नाही.

तुमचेच आकडे घेऊ. विजेचे युनिट २,१६० चे २,५२० झाले, म्हणजे साधारण १७ टक्के वाढले. दर आणि स्थिर आकार तेव्हाचेच राहिले असते, तर बिलही साधारण तेवढंच वाढलं असतं. प्रत्यक्षात ते २.८ पट झालं. २.८ ला वापराच्या वाढीने भागलं की २.४ उरतात. याचा अर्थ, सगळे आकार धरून एक युनिट तुम्हाला तेव्हाच्या २.४ पट दराने पडतं. बिलाचा फुगवटा मुख्यतः इथे आहे.

त्या २.४ पटीचीही फोड करायला हवी. बारा वर्षांत पैशाची किंमतही घसरली. महागाई दर वर्षी ५ टक्के धरली, तर बारा वर्षांत सगळ्याच गोष्टी सुमारे १.८ पट महाग होतात. २.४ ला त्या १.८ ने भागलं की वीज खऱ्या अर्थाने महागली ती साधारण एक तृतीयांशाने. ही वाढ थोडी नाही, पण फाईल उघडल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो आकडा उभा राहिला त्याच्यापुढे ती बरीच लहान आहे. पगाराशीही ताडून पाहा. बिल २.८ पट आणि पगार २.५ पट. बारा वर्षांपूर्वी पगारातल्या दर शंभरातले चार विजेला जात असतील, तर आज साडेचार जातात.

आता गॅस. गॅसचं बिल १.७ पटच झालं म्हणून तुम्ही त्याला निर्दोष धरलंत. पण वापर २४० वरून १९० घनमीटरवर आला, म्हणजे पाचवा भाग कमी झाला. वापर घटूनही बिल १.७ पट, याचा अर्थ एक घनमीटर गॅस तुम्हाला २.१५ पटीच्या आसपास पडतो. गॅसचा दरही जवळजवळ विजेइतकाच चढला आहे, तुम्ही गॅस कमी वापरलात म्हणून तो झाकला गेला.

गॅस कमी लागला, कारण निम्मं शिजवणं इंडक्शनवर गेलं. म्हणजे तो खर्च गॅसच्या बिलातून उठून विजेच्या बिलात जाऊन बसला. म्हणून दोन्ही बिलं एकाच मापात आणल्याशिवाय घराचा खरा वापर कळत नाही. माप सोपं आहे. पाइपने येणाऱ्या एक घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण साडेदहा युनिट विजेएवढी ऊर्जा असते. जागोजागीच्या वायूप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो आणि काही ठिकाणी तो बिलावर छापलेलाही असतो. तुमचा ५० घनमीटर गॅस वाचला, म्हणजे सुमारे ५२५ युनिट ऊर्जा. पण गॅसच्या ज्योतीतली बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. साध्या शेगडीवर ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा भांड्यात पोचली असं धरलं, तर २१० युनिट कामी आले. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के ऊर्जा भांड्यात जाते. तेवढंच काम करायला तिला २५० च्या आसपास युनिट लागतील. तुमची विजेची वाढ आहे ३६० युनिटांची. त्यांतले २५० त्या शेगडीचे आहेत आणि त्याच्या बदल्यात गॅस वाचलाय. याला उधळपट्टी म्हणता येणार नाही.

एक बेरीज मी दोनदा करून पाहिली. बारा वर्षांपूर्वी वीज २,१६० युनिट आणि गॅसचे २,५२० युनिट मिळून घराचा वापर ४,६८० होता. गेल्या वर्षी वीज २,५२० आणि गॅसचे १,९९५ मिळून ४,५१५ झाला. तीन माणसांचं घर पाच माणसांचं झालं आणि एकूण ऊर्जा तरीही थोडी कमीच लागली. माणशी पाहिलं तर १,५६० वरून ९०३. माणशी हिशेब पूर्ण न्यायाचा नाही, हे मान्य, कारण पाच माणसांनाही फ्रिज एकच लागतो. पण ज्या घरावर तुम्ही रोज ओरडता त्या घराने बारा वर्षांत काटकसर केली आहे, हे तुमच्याच फाईलमध्ये लिहिलेलं आहे.

ही चूक मीही केली आहे. एका हिवाळ्यात बिल एकदम वाढलं म्हणून मी मुलाला गिझरवरून खूप बोलले होते, पाहुण्यांसमोर. नंतर बिल नीट वाचलं तर ते ३८ दिवसांचं होतं, आधीचं २९ दिवसांचं. दिवसाचा वापर जवळजवळ तेवढाच होता. मुलाची माफी मागितली, पण पाहुण्यांसमोर बोललेले शब्द परत घेता आले नाहीत. तेव्हापासून माझा नेम असा की बिल आलं की आधी दिवस मोजायचे, युनिटला दिवसांनी भागायचं आणि तो आकडा मागच्या महिन्याशी न ताडता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडायचा. थंडीतलं पाणी आणि उन्हाळ्यातले पंखे यांची तुलना होत नाही. जिथे टप्प्याटप्प्याने दर चढतात, तिथे दिवस मोजणं आणखीच महत्त्वाचं. बिल लांबलं आणि टप्प्यांची मर्यादा दिवसांच्या हिशेबात धरली गेली नाही, तर वरच्या टप्प्याचा दर उगाच लागतो. रीडिंग खरं घेतलेलं आहे की सरासरी काढून बिल पाठवलं आहे, तेही बिलावर लिहिलेलं असतं. सरासरीचं बिल आलं असेल, तर पुढच्या खऱ्या रीडिंगला सगळी कसर एकदम निघते आणि घरात नाहक भांडण होतं.

उरलेली वाढ कुठे गेली, तेही अंदाजाने मांडते. चार पिवळे बल्ब ६० वॉटचे आणि त्यांच्या जागी ९ वॉटचे एलईडी, रोज चार तास, असं धरलं तर वर्षाला सुमारे ३०० युनिट वाचले. ते वाचूनही युनिट ३६० ने वाढले, म्हणजे नवी भर ६६० च्या आसपास आहे. त्यातले २५० शेगडीचे, ४१० बाकी. ते ४१० शोधताना दिव्यांकडे पाहू नका, गरम पाण्याकडे पाहा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात, आणि हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट. हा निसर्गाचा दर आहे, तो कुणाला कमी करता येत नाही. एका अंघोळीला १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवलं तर ३५० वॉट-तास होतात. घरात दोन माणसं वाढली, दोघांची रोजची अंघोळ, वर्षाचे २५५ युनिट झाले. रात्रंदिवस चालणारा १० वॉटचा इंटरनेटचा राउटर वर्षाला ८८ युनिट खातो. बाबांच्या खोलीतला ७५ वॉटचा पंखा दिवसाला ८ तास आणि वर्षाला १२० दिवस चालला, तर ७२ युनिट. बेरीज ४१५. तुमच्या घरात हे तास थोडे पुढेमागे असतील, मुलीचा लॅपटॉप मी धरलेला नाही. पण चित्र साधारण असंच निघेल.

या चित्रात मुलीने विसरलेला दिवा कुठे आहे? ९ वॉटचा एलईडी रोज तीन तास उगाच जळला, तरी वर्षाला १० युनिट. तो बंद करायला सांगा, जरूर सांगा, पण आवाज न चढवता. वर्षाच्या १० युनिटांसाठी सतरा वर्षांच्या मुलीशी अबोला धरायचा नसतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येते. घर बंद असताना बिल का? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या मीटरांमध्ये जस्ताच्या पट्ट्या असत. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसे. कंपनीचा माणूस त्या पट्ट्या काढून नेई, वजन करी आणि त्या वजनावर बिल होई. वापरलं तेवढंच मोजायचं, अगदी तुम्हाला हवं तसं. पण दहाएक वर्षांतच कंपन्यांच्या लक्षात आलं की खर्चाचा मोठा भाग वीज बनवण्यात जात नाही, ती केव्हाही देता यावी म्हणून सज्ज राहण्यात जातो. संध्याकाळी सगळी घरं एकाच वेळी दिवे लावतात. त्या एका तासासाठी पुरेल एवढं यंत्र, तेवढ्या जाडीच्या तारा, तेवढी माणसं वर्षभर ठेवावी लागतात. इंग्रज अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये हेच मांडलं, की बिलाचे दोन भाग हवेत, एक सज्ज राहण्याचा आणि एक प्रत्यक्ष वापराचा. ब्रायटन गावच्या वीजकेंद्रातल्या आर्थर राइट यांनी ग्राहकाची कमाल मागणी, म्हणजे त्याने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली ते, नोंदवणारा मीटर बनवला. शिकागोचे सॅम्युएल इन्सल यांनी तो तिथे पाहिला आणि ही पद्धत अमेरिकेत नेली. आजचा स्थिर आकार त्याच वंशातला.

म्हणजे घराला कुलूप असलं तरी तुमच्या दारापर्यंतची तार आणि चौकातलं रोहित्र तुमच्यासाठी राखलेलं होतं, त्याचं ते बिल. हे तत्त्व मला पटतं. मात्र स्थिर आकार जितका वाढतो तितकं कमी वापरणाऱ्यावर त्याचं ओझं जास्त पडतं, कारण एका खोलीत राहणाऱ्यालाही तो चुकत नाही. त्यामुळे तो वाढताना लोकांनी प्रश्न विचारले पाहिजेत, असं माझं मत आहे. शिवाय मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घ्यायची म्हणून तुमच्या नावावर नोंदलेला आकडा, तुमच्या गरजेपेक्षा जास्त असेल आणि तुमच्याकडे स्थिर आकार भारावर ठरत असेल, तर तो कमी करून घेता येतो. फाईलमधल्या पहिल्या आणि शेवटच्या बिलावरचा मंजूर भार एकदा ताडून पाहा.

दर का चढतात, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरातल्या माणसांवरचा राग निवळायला त्याची मदत होईल म्हणून लिहिते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्चं तेल चौपट झालं. त्या काळी बरीच वीज तेलावर बनत होती, त्यामुळे ज्यांनी एकही दिवा जास्त लावला नव्हता त्यांचीही बिलं चढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. वायूचा बाजार २०२१ पासूनच तापला होता, तो आणखी भडकला, आणि युरोपातल्या घरांची गॅसची आणि विजेची दोन्ही बिलं एकदम उसळली. विजेचं बिल का उसळावं? कारण विजेच्या बाजारात स्वस्त केंद्रं आधी चालू होतात आणि महाग केंद्रं शेवटी. त्या तासाची मागणी पुरी करायला जे शेवटचं केंद्र लावावं लागतं, त्याच्या किमतीवर बऱ्याच बाजारांत सगळ्यांचा भाव ठरतो. ते शेवटचं केंद्र अनेकदा गॅसचं असतं. त्यामुळे गॅसचं आणि विजेचं बिल एकमेकांचा हात धरून चढतात. बिलात इंधन समायोजन नावाचा जो आकार महिन्यागणिक वरखाली होतो, तो इंधनाच्या याच चढउताराची भरपाई असतो. तुमच्या मुलाच्या हातून राहिलेल्या बटणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वापर खाली येतो तो बहुतेक वेळा चांगल्या यंत्रांमुळे, घरात ओरडाआरडा करून नाही. सगळ्यात बोलकं उदाहरण फ्रिजचं. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतला नवा फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट खायचा. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझनफेल्ड आणि त्यांच्यासारख्यांनी वापराची कमाल मर्यादा ठरवणारे नियम व्हावेत म्हणून चिकाटी धरली, आणि २००० नंतरचा फ्रिज आकाराने मोठा होऊनही ५०० च्या आसपास आला. लोकांनी दार कमी वेळा उघडलं म्हणून हे झालं नाही. आतला थर जाड झाला, कॉम्प्रेसर सुधारला, दाराचं रबर घट्ट बसू लागलं. तुमचा फ्रिज किती जुना आहे ते पत्रात नाही. दारात कागदाचा एक तुकडा धरून दार लावा आणि तो ओढा. सहज निघाला तर रबर गेलं आहे, ते बदलायला फारसं लागत नाही.

पंख्याचंही तसंच. साधा छताचा पंखा ७५ वॉटचा असतो, बीएलडीसी नावाच्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास वॉट घेतो. बाबांचा पंखा कधी बदलायची वेळ आली तर तसा घ्या. गिझरचं तापमान लागतं तेवढंच ठेवा. साठवणीचा गिझर असेल तर तासन्‌तास चालू ठेवू नका, कारण टाकीच्या भिंतीतून उष्णता झिरपते आणि तेच पाणी तो पुन्हापुन्हा तापवत बसतो. दुसरं म्हणजे, दोन्ही बिलं समोर ठेवून आजच्या दराने गॅसवर पाणी तापवणं स्वस्त की विजेवर, हे एकदा काढा. पत्रात दर नाहीत, नाहीतर मीच काढून दिलं असतं. रीत अशी. गॅसच्या एका घनमीटरच्या दराला साडेदहाने भागा, मग शेगडी किंवा गॅस गिझर जेवढा भाग पाण्यात पोचवतो त्याने भागा. चांगला गॅस गिझर ८० टक्क्यांच्या आसपास पोचवतो. जो आकडा येईल तो विजेच्या एका युनिटच्या दराशी ताडा. टप्प्यांचे दर असतील तर तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर धरा, कारण वाचलेलं युनिट त्याच टप्प्यातून वाचतं. गॅस गिझर घेतलाच, तर तो हवेशीर जागीच बसवा, बंद न्हाणीघरात कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्यात माणसं गेली आहेत.

मीटर पळतो का, ते तुम्हाला घरीच पाहता येईल. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला लिहिलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल. समजा ३,२०० लिहिलंय. घरातला मेन स्विच बंद करा. लुकलुकणं थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधल्या भागात काहीतरी गडबड आहे, किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाचा तरी भार आहे, लगेच लेखी तक्रार करा. थांबलं, तर मेन चालू करा, सगळी बटणं बंद करा आणि फ्रिजचा प्लगही काढा. आता दिवा लुकलुकत असेल तर घरात काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर वायरिंगमधून गळती आहे. गळती असेल तर बिल दुय्यम, तो जिवाचा धोका आहे, वायरमनला त्याच दिवशी बोलवा. मग एकेक वस्तू लावत जा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३,२०० च्या मीटरवर सव्वाअकरा सेकंदांनी एकदा लुकलुकला तर १०० वॉट चालू आहेत. हे काम मुलाला द्या, आठ वर्षांच्या मुलाला सेकंद मोजायला आवडतं. त्यानंतर बाकी सगळं बंद ठेवून १०० वॉटचा एक दिवा दहा तास लावून ठेवा, मीटर एक युनिट पुढे गेला तर तो नीट चाललाय. शंका उरलीच तर मीटरची चाचणी मागता येते. माझा अंदाज, मीटर बरोबर निघेल.

आता बाबा.

दादा, ते "मला नाही उकडत" म्हणाले, ते खोटं असेलच असं नाही. वय झालं की तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, शरीर तापल्याची जाणीवही बोथट होते. म्हणून उकाड्यात म्हातारी माणसं न बोलता आजारी पडतात. पण तुम्हाला त्यांचा सदरा घामाने भिजलेला दिसला. त्यांना उकडत होतं. तुम्ही रोज कुणाला तरी बोलता ते भिंतीपलीकडून त्यांच्या कानावर जातं, आणि मुलाच्या घरी आपण खर्च होऊन बसलो आहोत असं त्यांना वाटत असणार. त्यांनी तुमच्यापुढे तक्रार केली नाही, पंखा बंद केला.

तो पंखा वर्षाला ७२ युनिट घेतो. तुमच्या २,५२० मधले ७२, शंभरात तीनही नाहीत. त्या बचतीपायी एखाद्या दुपारी त्यांना भोवळ आली, तर त्या एका दिवसात दवाखान्याला जे लागेल त्यात पंखा कित्येक वर्षं फिरला असता. पैशांचं सोडा, ते तुमचे वडील आहेत. पंखा चालू ठेवा, जवळ पाण्याचा तांब्या भरलेला ठेवा, दुपारी खिडकीवर पडदा ओढा. मात्र खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली तर नुसत्या पंख्याने शरीर थंड होत नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. अशा दिवशी अंग ओल्या फडक्याने पुसायचं आणि त्यांना घरातल्या थंड खोलीत आणून बसवायचं. दुसऱ्या खोलीत कूलर किंवा एसी असेल तर तो लावायचा, त्याचे युनिट मोजायचे नाहीत.

"बाबा, पंखा लावत जा" एवढंच सांगितलंत तर ते मान डोलावतील आणि तुम्ही गेल्यावर पुन्हा बंद करतील. ते हिशेबनीस होते ना? मग त्यांच्यापुढे फाईल ठेवा. हे पान ठेवा. २.८ पट कुठून आली, तीन माणसांचे ४,६८० आणि पाच माणसांचे ४,५१५, आणि पंख्याचे ७२, हे सगळं त्यांना तपासू द्या. माझी कुठे चूक असेल तर ते ती काढतील आणि मला आनंदच होईल. मग एक रेघांची वही आणा आणि मीटरची नोंद त्यांच्याकडे सोपवा. दर रविवारी सकाळी त्याच वेळी विजेचं रीडिंग, गॅसचं रीडिंग, मागच्या रविवारपासून किती युनिट, किती घनमीटर, आणि शेरा म्हणून त्या आठवड्याची हवा. मीटर उंचावर असेल तर आकडा नातू वाचून सांगेल. वर्षभरात ती वही तुमच्या बारा वर्षांच्या बिलांपेक्षा जास्त सांगेल, कारण बिलं महिन्याने येतात, आणि कुठल्या आठवड्यात काय झालं ते तोवर कुणालाच आठवत नाही.

मुलीशी बोलणं मी तुमच्यावर सोपवते. एवढंच सुचवते की ओरडलो ते चूक होतं, हे तिला आकड्यांसकट सांगा. सतरा वर्षांच्या मुलीला नुसत्या "सॉरी"पेक्षा ते जास्त पटेल. ती गणित घेऊन शिकत असेल, तर गॅस आणि विजेची तुलना तिच्याकडूनच करून घ्या.

पत्र हातात पडेल तेव्हा दुपार असेल, तर हे सगळं नंतर करा. आधी बाबांच्या खोलीत जाऊन पंखा लावा आणि थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा.